खरवडलेला उतार

शेषगिरीरावांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक त्यांचा हात आणि दुसरं त्यांचं घर. हात त्यांनी स्वतः कमावला होता, सरकारी बांधकाम खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढून. घर पणज्यानं बांधलं होतं, पण राव त्याविषयी असं बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, विटा यांनीच भाजल्या.

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत, देवळाच्या तळ्यामागे, मठाची गल्ली म्हणून एक बारा फुटी बोळ आहे. तंजावराहून आलेल्या मराठी मंडळींची तिथं एके काळी अकरा घरं होती. दोन हजार सात साली तीन उरली होती, त्यांतलं हे एक. सागाचे चार खांब, वर कौलं, जोत्यावर चढायला सहा पायऱ्या, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना वाटसरूंनी टेकावं म्हणून बांधलेले गुळगुळीत ओटे, ज्यांना तिकडं तिण्णै म्हणतात. म्हणजे असायला हवे होते दोन. होता एकच, डावीकडचा. उजवीकडच्याच्या जागी सिमेंटचा एक उतार होता. मध्ये एक वळण घेऊन तो रस्त्याला लागायचा, आणि त्याला लोखंडी नळीचा कठडा होता.

तो उतार तुळसीचा. तुळसी ही रावांची एकुलती एक मुलगी. दीड वर्षाची असताना पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले, जीभ मात्र शाबूत राहिली आणि पुढं तर दोघांच्या वाटणीची चालू लागली. अण्णा सालैवरच्या एका विमा कचेरीत ती टेलिफोन ऑपरेटर होती. रोज सकाळी आठ वीसला ती माजघरातच हातानं फिरवायच्या तीनचाकी सायकलीत बसायची, डबा मांडीवर घ्यायची आणि कुणाची मदत न घेता उतारावरून गल्लीत यायची. खाली आली की एकदा घंटी वाजवायची. ती घंटी ऐकून शेजारचे लोक घड्याळं लावायचे.

उतार बांधला रावांच्या बायकोनं, शशिकलेनं. एक्क्याण्णव साली तुळसीच्या नेमणुकीचं पत्र आलं, तेव्हा राव खात्याच्या कामानं चार दिवस मदुरैला गेले होते. शशिकलेनं मेस्त्रीला बोलावलं, उजवा तिण्णै फोडला आणि तिसऱ्या दिवशी सिमेंटवर पाणी मारत उभी राहिली. राव परत आले ते पिशवी हातात धरून गल्लीतच थांबले.

"घराचें तोंड वांकडें केलेंस," ते म्हणाले.

"घरास तोंड अस्से, लेकीस पाय नाहींत," ती म्हणाली. "आतां हात-पाय धुवा, जेवायास बैसा."

राव आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नंतर बोलू लागले, कारण मनुष्य किती दिवस गप्प बसणार. पण त्यानंतर सोळा वर्षं, शशिकला नव्व्याण्णव साली गेल्यावरसुद्धा, ते घरी येताना मान किंचित डावीकडे वळवून पायऱ्या चढायचे. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तुळसीच्या आलं होतं की नाही, ते देवच जाणे.

दोन हजार सातच्या सुरुवातीला गल्लीच्या टोकाची दोन घरं जमीनदोस्त झाली आणि तिथं चार मजली फ्लॅट उठले. मग वर्तमानपत्रांत ओरड झाली, एक समिती बसली आणि मठाची गल्ली, तळ्याकाठच्या आणखी दोन गल्ल्यांसकट, संरक्षित वस्ती ठरली. नियम साधा होता. प्रत्येक घराच्या दर्शनी बाजूची नोंद व्हायची. नोंदीच्या दिवशी जे असेल ते तसंच राहणार. पूर्वी केलेले बदलसुद्धा, ते कितीही ओंगळ असोत, नोंदीत आले तर कुणी हात लावणार नव्हतं. नवं मात्र काही करायचं नाही, आणि नोंदीत नाही ते ठेवायचं नाही. रावांना हा नियम फार पसंत पडला. "आजपर्यंत सरकारानें एक काम शहाणपणाचें केलें," असं ते गल्लीभर सांगत फिरले.

नोंद करायला आली रेवा. नाशिकची मुलगी, आर्किटेक्ट, चेन्नईत येऊन वर्ष झालेलं. दारावरची पाटी वाचून तिनं बिचकत बिचकत मराठीत विचारलं, "काका, तुम्ही मराठी बोलता?"

"बोलतों की! या, बैसा. अस्सल देशावरचें मराठी ऐकून मज किती वर्षें झालीं!"

त्या एका 'काका'नं रावांचा पार विरघळून गूळ झाला. त्यांनी तिला कॉफी पाजली, खांबांवरचं कोरीव काम दाखवलं, पणज्याची गोष्ट सांगितली. तुळसी कचेरीत होती. रेवाच्या गळ्यात कॅमेरा होता, हातात यादी होती आणि तीन आठवड्यांत साठ घरं उरकायची होती.

"मोजमापं घेऊन आराखडा काढायलाच आमचे चार दिवस जातात हो, काका," ती म्हणाली.

"आमचे घराचा मी काढून देतों," राव म्हणाले. "चौतीस वर्षें तेंच केलें. तुम्ही दुसरीं घरें पाहा."

रेवाला देवच भेटल्यासारखं झालं. उठताना तिनं उजवीकडे पाहिलं आणि वहीत काही तरी लिहिण्यासाठी पेन उघडलं. "आणि हा रॅम्प?"

आता इथं राव एक वाक्य बोलू शकले असते. 'ती माझ्या मुलीची वाट आहे,' इतकंच. पण समोर देशावरची, घर पाहून हरखलेली मुलगी उभी होती, आणि सोळा वर्षांचा सल एकदम वर आला. लाज वाटली म्हणा. कशाची वाटली, उताराची की आणखी कशाची, हे त्यांनी स्वतःला त्या वेळी विचारलं नाही.

"तें कच्चें काम," ते म्हणाले. "काढणारच आहों."

रेवानं तसं वहीत लिहिलं.

पाच दिवस राव माजघरातल्या टेबलाशी बसले. फीत धरून मोजलं, पेन्सिलीनं आखलं, मग ट्रेसिंगच्या अर्धपारदर्शक कागदावर शाई. दोन खांबांमधली कमान काढायला त्यांना एक अख्खी सकाळ लागली. तुळसी जाता-येता बघायची आणि म्हणायची, "अप्पा, इतकें मन लावून तर तुम्ही माझी पत्रिकाही नाहीं पाहिली." तिला बरं वाटत होतं. बाप निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा कामाला लागला होता.

सवयीच्या हातानं त्यांनी जे होतं ते सगळं काढलं, उतारासकट. वळण, कठडा, नळीचे अकरा उभे दांडे. मग आराखडा लांब धरून पाहिला. डावी बाजू सुंदर होती आणि उजवी बाजू त्यांना बघवेना. तुळसी कामावर गेली होती. त्यांनी अर्धं ब्लेड घेतलं आणि नकाशेवाले चुकलेली शाई काढतात तसं, हलक्या हातानं, उतार खरवडून काढला. नखानं घासून कागद गुळगुळीत केला आणि लहानपणी ज्यावर निजले होते तो तिण्णै आठवणीतून तिथं काढला. खाली नेहमीची ओळ लिहिली: जागेवर मोजून, आहे तसा. खाली सही केली.

समितीच्या कचेरीत त्या आराखड्याची छापील प्रत पोहोचली तेव्हा लोक टेबलाभोवती जमले म्हणे. समितीचे प्रमुख नारायणस्वामी, स्वतः निवृत्त इंजिनिअर, त्यांनी ती काचेत बसवून भिंतीवर लावली. घराला पहिली श्रेणी मिळाली. गल्लीत एवढं एकच. राव आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वरून चालत होते.

नोटीस आली दोन हजार आठच्या जुलैत. रजिस्टर पत्र शनिवारी आलं आणि शनिवारी तुळसी घरी असायची, म्हणून तिनंच फोडलं. राव तळ्याकाठून फेरी मारून आले तेव्हा ती माजघरात सायकलीत बसली होती, कागद मांडीवर.

"अप्पा, ह्यांत लिहिलें अस्से, उतार साठ दिवसांत काढावा आणि तिण्णै आराखड्याप्रमाणें पुन्हां बांधावा. काम समिती करून देईल."

"काहीं चूक झाली असेल," राव म्हणाले.

"'घरमालकानें स्वतः सांगितल्याप्रमाणें, तात्पुरतें बांधकाम.' असें लिहिलें अस्से." तिनं वर पाहिलं. "तुमचा आराखडा द्या पाहूं. प्रत नको. मूळचा द्या."

मूळ ट्रेसिंग पत्र्याच्या नळकांड्यात कपाटावर होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. तुळसीनं ते उलगडलं, सायकल खिडकीशी नेली आणि कागद उजेडासमोर धरला. छापील प्रतीत दिसत नाही ते मूळ कागदावर दिसतं. ब्लेडनं खरवडलेली जागा उजेडात पांढुरकी होते. तिण्णैच्या काळ्या रेघांमागे वळण होतं, कठडा होता, अकरा दांडेही मोजता आले असते.

तिनं एका दांड्यावरून बोट फिरवलं. रावांना वाटलं, आता जीभ सुटेल. सुटती तर बरं झालं असतं.

"काढिला होतां," ती हळू म्हणाली. "काढून मग पुसला. विसरलां असतां तर मज काहीं वाटलें नसतें, अप्पा."

तिनं कागद गुंडाळून नळकांड्यात घातला आणि झाकण नीट बसवलं.

सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला राव समितीच्या दारात होते. नारायणस्वामींनी उठून त्यांना खुर्ची दिली. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर काचेत तो आराखडा होता, आणि राव बोलत असताना त्यांना सारखा दिसत होता.

"तो आराखडा खोटा आहे," राव तमिळमध्ये म्हणाले. आयुष्यात स्वतःच्या कामाविषयी हा शब्द त्यांनी कधी वापरला नव्हता. "उतार एक्क्याण्णव सालापासून आहे. मी तो मुद्दाम गाळला. माझी मुलगी त्यावरून कामाला जाते."

नारायणस्वामी वाईट माणूस नव्हते, हेच तर दुखणं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फाईल मागवली, रेवाची नोंद वाचली, आराखड्याखालची ओळ वाचली.

"राव," ते म्हणाले, "तुम्ही खात्यात होता. आराखडा एक आणि जागेवर दुसरंच, अशी किती प्रकरणं तुम्ही परत पाठवली असतील? सही केल्यावर मालक येऊन म्हणतो, तेव्हा खोटं सांगितलं, आता खरं सांगतो. तुम्ही काय करायचात?"

राव काय करायचे ते रावांना पक्कं ठाऊक होतं. फाईल परत पाठवायचे, लाल शाईत शेरा मारून, आणि मग बाहेर जाऊन निवांत चहा प्यायचे.

अर्ज तरी घ्या म्हणून त्यांनी हात जोडले. अर्ज घेतला गेला. रेवा धावत आली, रडली, उतार मी डोळ्यांनी पाहिला होता असं पत्र तिनं लिहून दिलं. पण 'तात्पुरता, काढणार आहेत' हे तिच्याच अक्षरात फाईलमध्ये होतं, त्यामुळे नव्या पत्राचं वजन पडेना. बैठक दोनदा पुढं गेली आणि तिसऱ्यांदा भरली. निकाल आला: पहिल्या श्रेणीच्या घराच्या दर्शनी बाजूस सूट देता येत नाही, मागील बाजूने सोय करावी. मागच्या बाजूला विहीर होती आणि विहिरीला लागून दुसऱ्याची भिंत. लाकडी फळी टाका, असं कुणी तरी सुचवलं. रावांनी हिशेब मांडून दाखवला: साडेतीन फूट उंची, तीनचाकी उतरेल असा बेताचा उतार, म्हणजे फळी गल्ली ओलांडून समोरच्यांच्या देवघरात शिरली असती. हिशेब बिनचूक होता. त्याबद्दल सगळ्यांनी त्यांची वाखाणणी केली.

यातली खरी चीड आणणारी गोष्ट वेगळीच होती. शेजारच्या बाळकृष्णनं आपल्या घराची पुढची भिंत पाडून झेरॉक्सचं दुकान थाटलं होतं. लोखंडी शटर, वर निळी पाटी. त्याच्या घराची नोंद कॉलेजच्या पोरांनी केली होती. त्या बिचाऱ्यांना ना आठवणी होत्या ना अभिमान, जे दिसलं ते त्यांनी काढलं, शटरच्या पट्ट्यांसकट. त्यामुळे त्याचं शटर आता कायद्यानं सुरक्षित होतं. रावांनी हात आवरला असता, एक दुपार नुसतं स्वस्थ बसले असते, तर तुळसीच्या उतारालाही तेच संरक्षण मिळालं असतं. कुणी म्हणजे कुणी त्याला बोट लावू शकलं नसतं. दुसऱ्या कुणी घात केला असता तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

सप्टेंबरात मेस्त्री आले. चांगले कसबी लोक होते, जुन्या पद्धतीचा चुना वापरणारे. त्यांनी आराखडा समोर टांगला आणि दहा दिवसांत तिण्णै उभा केला, इंचाचाही फरक नाही. तुळसी त्या दहा दिवसांत एकदाही पुढच्या दारी आली नाही. रजा टाकून आत बसली.

मग रोज सकाळी दूधवाला आणि इस्त्रीवाला तिला सायकलीसकट उचलून सहा पायऱ्या उतरवू लागले. संध्याकाळी येताना जो कुणी भेटेल तो. घंटी वाजायची बंद झाली. इस्त्रीवाला भला माणूस, पण त्याला थट्टेची सवय. एकदा म्हणाला, "आज अक्का जड झालीय, रात्री काय खाल्लं?" तुळसीच्या जिभेला त्यावर काही सुचलं नाही हे पाहून राव दारातून आत गेले.

ऑक्टोबरच्या शेवटी पावसात चौथ्या पायरीवर दूधवाल्याचा पाय घसरला. सायकल कलंडली, तुळसी खाली दगडावर पडली आणि उजवं मनगट मोडलं. त्याच हातानं ती सायकल फिरवायची. राव छत्री घेऊन दारात उभे होते, अगदी दोन हातांवर. ते खाली पोहोचेपर्यंत शेजारच्यांनी तिला उचललं होतं.

सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. प्लास्टर निघालं त्या दिवशी तिनं सांगितलं, "वेलचेरीस बायकांचें हॉस्टेल अस्से. तळमजल्यावर खोली मिळते. दाराशीं रॅम्प, कचेरीच्या दोघी तेथेंच राहतात. मी जातें, अप्पा."

"मी येतों तुजबरोबर. घर बंद करूं."

"तेथें पुरुषांस घेत नाहींत." मग म्हणाली, "आणि घर कसें बंद कराल? पहिली श्रेणी अस्से त्यास."

ती टोचून बोलली नव्हती. तेच रावांना जास्त लागलं. त्यांना तिच्या पायांशी बसून माफी मागायची होती. तिण्णै, कमान, पणजा, सगळं फोडून टाक म्हणायचं होतं. पण तोंडून निघालं, "लोणच्याची बरणी घेऊन जा." ती बरणी घेऊन गेली.

राव एकटे राहू लागले. शनिवार-रविवारी गळ्यात कॅमेरे अडकवलेली मंडळी जुनी घरं पाहत गल्लीतून फिरत, रावांच्या दारासमोर जास्त वेळ थांबत. कुणी विचारलं तर राव खांबांची माहिती देत. आराखड्याचं नाव काढलं की आत निघून जात.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत शशिकलेचं श्राद्ध आलं. रविवार होता. गेल्या नऊ वर्षांत तुळसी या दिवशी कधी घराबाहेर नव्हती. राव सकाळपासून दाराशी घिरट्या घालत होते. भटजी जेवून गेले, कावळ्याचं पान झालं, आणि एकच्या सुमारास ऑटो येऊन दाराशी थांबली.

राव पायऱ्या उतरले. "दूधवाल्यास बोलावितों. दोघे मिळून..."

"नको, अप्पा. उचलून नको." तिनं हात वर केला. तो हात अजून मनगटाशी जरा वाकडाच होता. "अम्मेचें पान मज येथेंच आणून द्या."

म्हणून राव केळीचं पान ताटात घालून खाली घेऊन आले. भात, वडे, वरण, वांग्याची भाजी. पायस पितळेच्या भांड्यात, ते नंतर आणायचं. तुळसी ऑटोत मागच्या सीटवर बसून, ताट मांडीवर घेऊन जेवू लागली. राव ऑटोच्या दांड्याला धरून उन्हात उभे राहिले.

"वडे अम्मेसारखे नाहींत," ती म्हणाली.

"मीच केले."

"होय काय?" ती किंचित हसली. "मग बरे अस्सत."

चार महिन्यांत ती पहिल्यांदा हसली होती. रावांचा जीव इतका हलका झाला की आता बोलायचंच, असं त्यांनी ठरवलं. कुठून सुरुवात करावी याची जुळवाजुळव ते करत होते, तोच पाठीमागून कुणी तरी हळूच खांद्याला हात लावला. सात-आठ जणांचा घोळका होता. पुढचा तरुण फार सभ्यपणे इंग्रजीत म्हणाला, "सर, माफ करा. ही ऑटो जरा पुढं घ्यायला सांगता का? घराचा फोटो घ्यायचाय, ती मध्ये येतेय."

रावांनी तोंड उघडलं. 'ती माझी मुलगी आहे, ती जेवतेय, तुम्ही चालते व्हा,' एवढं म्हणायचं होतं. शब्द तयार होते. पण आधी त्यांची नजर, का कोण जाणे, मागे घराकडे गेली. एकच क्षण. दोन्ही तिण्णै उन्हात स्वच्छ दिसत होते.

तुळसीनं ती नजर पाहिली.

"परवाल्ले, अप्पा," असू दे, असं ती शांतपणे म्हणाली. अर्धं ताट तिनं त्यांच्या हातात दिलं, ओच्यानं तोंड पुसलं आणि ड्रायव्हरला तमिळमध्ये सांगितलं, "अण्णा, गाडी पुढं घ्या."

"पायस राहिलें!" राव ओरडले. "तुळसी, थांब, पायस आणितों!"

ऑटो पुढं गेली. त्या बोळात गाडी वळत नाही. मागे यायचं तर तळ्याला पूर्ण फेरा घालून, देवळाकडून पुन्हा गल्लीत शिरावं लागतं. सहा-सात मिनिटं लागतात. मंडळींनी फोटो काढले, आभार मानले आणि घोळका पुढच्या घराकडे गेला.

राव धावत सहा पायऱ्या चढले, पितळेचं भांडं घेऊन खाली आले आणि देवळाच्या बाजूला तोंड करून गल्लीत उभे राहिले. भांडं गरम होतं. त्यांनी ते धोतराच्या टोकानं धरलं. बाळकृष्ण शटर ओढून जेवायला गेला, जेवून आला, शटर पुन्हा वर केलं. "राव, उन्हात का उभे?" त्यानं विचारलं.

"ऑटो फिरून येते अस्से," राव म्हणाले.

भांडं थंड झालं होतं. पायसावर साय धरली होती.